तेल व वायू विहीर सेवा उपकरण चालक

तेल व वायू विहीर सेवा उपकरण चालक हा खनिज तेल आणि नैसर्गिक वायू यांच्या उत्पादन उद्योगातील एक तांत्रिक व्यवसाय आहे. विहीर खोदून झाल्यावर तिला उत्पादनक्षम करणे, उत्पादन घटल्यास ते पुन्हा वाढवणे, विहिरीतील बिघाड दुरुस्त करणे आणि आयुष्य संपलेली विहीर कायमची बंद करणे या कामांसाठी लागणारी यंत्रसामग्री हे कामगार चालवतात. विहीर खोदणारे कामगार आणि विहिरीची सेवा करणारे कामगार हे दोन वेगळे गट असले, तरी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या व्यवसाय वर्गीकरणात (२००८) दोघांचाही समावेश ८११३ या एकाच गटात होतो. भारतात हे काम आसाम, गुजरात, राजस्थान, आंध्र प्रदेश, तमिळनाडू आणि मुंबईजवळच्या समुद्रातील तेलक्षेत्रांत चालते.

## स्वरूप

तेलविहिरीच्या खोदकामास काही आठवडे किंवा महिने लागतात, परंतु तिचे उत्पादक आयुष्य अनेक दशकांचे असू शकते. या काळात भूगर्भातील दाब कमी होत जातो, तेलाबरोबर येणाऱ्या पाण्याचे प्रमाण वाढते, नळ्यांमध्ये मेण, क्षार किंवा वाळू साचते, पोलाद गंजते आणि पंप नादुरुस्त होतात. त्यामुळे प्रत्येक विहिरीला ठरावीक काळाने देखभालीची गरज भासते. भूपृष्ठापासून दोन-तीन किलोमीटर खोलीवरचे हे काम डोळ्यांनी पाहता येत नाही. दाबमापक, भारमापक, पंपाचा प्रवाहदर आणि तारेवरील ताण यांच्या नोंदींवरून खाली काय घडत आहे याचा अंदाज बांधावा लागतो. या खुणा वाचून योग्य वेळी योग्य कृती करणे, आणि गरज पडल्यास काम तत्काळ थांबवणे, हे चालकाचे मुख्य कौशल्य मानले जाते.

## विहिरीची रचना

सेवाकार्य समजण्यासाठी विहिरीची रचना लक्षात घ्यावी लागते. खोदलेल्या छिद्रात पोलादी अस्तरनळी (केसिंग) बसवून तिच्या बाहेरच्या पोकळीत सिमेंट भरतात. अस्तरनळीच्या आत कमी व्यासाची उत्पादननळी (ट्यूबिंग) सोडलेली असते आणि तेल किंवा वायू तिच्यातून वर येतो. उत्पादननळीच्या खालच्या भागात पॅकर नावाची रबरी अडण असते, तर भूपृष्ठावर अनेक झडपांचा संच बसवलेला असतो. त्याच्या आकारावरून त्याला ‘ख्रिसमस ट्री’ म्हणतात.

उत्पादननळी बाहेर काढावयाची असल्यास हा संच उतरवून त्याच्या जागी उद्रेकरोधक (ब्लोआउट प्रिव्हेंटर) बसवावा लागतो. एक अडथळा काढून दुसरा बसवण्याच्या या मधल्या काळात विहीर सर्वांत असुरक्षित असते. म्हणूनच कोणत्याही क्षणी तेलवायू आणि वातावरण यांच्यामध्ये किमान दोन स्वतंत्र, तपासलेले अडथळे असावेत हे तत्त्व उद्योगात सर्वत्र मान्य आहे.

## इतिहास

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात टायटसव्हिल येथे १८५९ मध्ये एडविन ड्रेक यांनी तेलविहीर खोदली आणि तेथे आधुनिक तेलउद्योगाची सुरुवात झाली. काही वर्षांतच मेण साचून विहिरींचे उत्पादन घटू लागले. त्यावर उपाय म्हणून विहिरीच्या तळाशी स्फोट घडवण्याची पद्धत एडवर्ड रॉबर्ट्स यांनी १८६५ च्या सुमारास वापरात आणली. चुनखडीच्या थरात आम्ल सोडून उत्पादन वाढवण्याच्या पद्धतीचे एकस्व (पेटंट) हर्मन फ्राश यांनी १८९६ मध्ये मिळवले. तथापि, आम्लामुळे नळ्या गंजत असल्याने ही पद्धत मागे पडली. गंजरोधक रसायने उपलब्ध झाल्यावर १९३० च्या दशकात ती पुन्हा रूढ झाली.

एर्ल हॅलिबर्टन यांनी १९१९ मध्ये विहिरीत सिमेंट भरण्याचा स्वतंत्र व्यवसाय सुरू केला. ५ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील पेशेलब्रॉन येथे श्लुंबर्जे बंधूंच्या कंपनीने विहिरीतील खडकांच्या विद्युतरोधाची पहिली नोंद घेतली. यातून वायरलाइन मापनाची शाखा विकसित झाली. द्रवदाबाने खडकाला तडे पाडण्याचा (हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंग) प्रयोग १९४७ मध्ये कॅन्सस राज्यातील ह्यूगोटन वायूक्षेत्रात झाला आणि १९४९ पासून ती व्यावसायिक सेवा बनली. १९६० च्या दशकात अखंड गुंडाळनळीचा (कॉइल्ड ट्यूबिंग) वापर सुरू झाला. या प्रत्येक टप्प्यावर नवे यंत्र आणि ते चालवणारा नवा कुशल कामगारवर्ग निर्माण झाला.

## सेवा व उपकरणांचे प्रकार

### वर्कओव्हर रिग

हा खोदकामाच्या रिगपेक्षा लहान, बहुधा ट्रकवर बसवलेला मनोरा असतो. उत्पादननळी बाहेर काढणे, पंप किंवा पॅकर बदलणे, एक थर बंद करून दुसरा उघडणे यांसाठी तो वापरतात. रिगवर चालकाखेरीज तळमजल्यावर नळ्या जोडणारे व सोडवणारे आणि मनोऱ्यावरील फळीवर उभे राहून नळ्या रचणारे कामगार असतात. भारतीय तेलक्षेत्रांत या पदांसाठी रिगमन, टॉपमन अशी नावे प्रचलित आहेत.

### स्लिकलाइन व वायरलाइन

स्लिकलाइन ही साधारण दोन ते तीन मिलिमीटर जाडीची एकेरी पोलादी तार असते. तिच्या टोकाला अवजारे बांधून ती चालू विहिरीत सोडतात आणि झडपा बसवणे, मेण खरवडणे, तळाचा दाब मोजणे ही कामे करतात. वायरलाइनमध्ये विद्युतवाहक असल्याने मोजमापाची उपकरणे आणि अस्तरनळीला छिद्रे पाडणारे स्फोटक (परफोरेटिंग गन) तिच्या साहाय्याने चालवता येतात. स्फोटके हाताळताना भटक्या विद्युतप्रवाहामुळे अपघाती स्फोट होऊ नये, यासाठी परिसरातील रेडिओ-प्रक्षेपण व मोबाइल दूरध्वनी बंद ठेवले जातात. वीजविरोधी सुरक्षा असलेल्या आधुनिक डिटोनेटरमुळे हा धोका कमी झाला आहे.

### गुंडाळनळी युनिट

मोठ्या रिळावर गुंडाळलेली, सुमारे २५ ते ९० मिलिमीटर व्यासाची अखंड पोलादी नळी इंजेक्टर नावाच्या यंत्राने विहिरीत ढकलली जाते. जोड नसल्याने काम जलद होते आणि विहीर दाबाखाली असतानाही करता येते. मात्र नळी एकदा आत जाऊन बाहेर येईपर्यंत ती सहा वेळा वाकते किंवा सरळ होते: आत जाताना तीनदा आणि बाहेर येताना तीनदा. त्यामुळे धातू थकतो. नळीच्या कोणत्या भागाचे किती आयुष्य खर्ची पडले याची नोंद ठेवणे हा चालकाच्या कामाचा अनिवार्य भाग आहे, कारण दाबाखालील नळी तुटणे जीवघेणे ठरू शकते.

### पंपिंग युनिट

सिमेंट भरणे, आम्लप्रक्रिया आणि खडकाला तडे पाडणे यांसाठी उच्च दाबाचे पंप लागतात. पंप सुरू करण्यापूर्वी संपूर्ण नळजोडणीची दाबचाचणी घेतात आणि चाचणी चालू असताना नळ्यांजवळ कोणासही थांबू देत नाहीत. चुनखडीच्या खडकात प्रामुख्याने हायड्रोक्लोरिक आम्ल वापरतात. सौम्य द्रावण तयार करताना आम्ल पाण्यात ओततात, पाणी आम्लात कधीही ओतत नाहीत, हा शालेय प्रयोगशाळेतील नियम येथेही लागू असतो.

### नायट्रोजन युनिट

विहिरीतील द्रवस्तंभ हलका करून प्रवाह सुरू करण्यासाठी नायट्रोजन वापरतात. तो उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूपात आणला जातो आणि वायुरूप झाल्यावर त्याचे आकारमान सुमारे ७०० पट होते. द्रव सांडल्यास साधे पोलाद ठिसूळ होऊन तडकते. बंदिस्त जागेत हा वायू प्राणवायूची जागा घेतो आणि त्याला रंग व वास नसल्याने धोका लक्षात येत नाही.

### स्नबिंग युनिट

विहिरीतील दाब नळीला बाहेर ढकलत असताना तिला बळाने आत घालण्यासाठी हे यंत्र वापरतात. काबूबाहेर गेलेल्या विहिरींना आवर घालण्यातही त्याचा उपयोग होतो.

## विहीर-नियंत्रण

सेवाकार्याच्या वेळी विहीर शांत ठेवण्याचे प्रमुख साधन म्हणजे आतील द्रवस्तंभाचे वजन. गोड्या पाण्याचा २,००० मीटर उंचीचा स्तंभ तळाशी सुमारे १९६ बार दाब देतो. मोटारीच्या चाकातील हवेच्या दाबाच्या तो साधारण नव्वदपट होय. थरातील दाब याहून अधिक असल्यास पाण्यात क्षार मिसळून त्याची घनता वाढवावी लागते. घनता फार वाढल्यास द्रव थरात शिरून उत्पादनक्षमतेला हानी पोहोचते, त्यामुळे दोन्ही बाजूंचा तोल सांभाळावा लागतो.

नळी बाहेर काढताना तिच्या पोलादाने व्यापलेली जागा रिकामी होते आणि द्रवाची पातळी खाली जाते. उदाहरणार्थ, १७८ मिलिमीटर व्यासाच्या अस्तरनळीतून ७३ मिलिमीटर व्यासाची नेहमीच्या वजनाची उत्पादननळी १,००० मीटर बाहेर काढली आणि विहीर भरली नाही, तर पातळी सुमारे ६५ मीटरने उतरते आणि तळावरील दाब सहा बारहून अधिक कमी होतो. दाबातील फरक मुळात थोडा असल्यास एवढी घट थरातील वायूला आत येण्यास पुरेशी ठरते. नळी वेगाने ओढल्यास पिचकारीप्रमाणे शोषण होऊन दाब आणखी घटतो. म्हणून नळी सावकाश काढणे, काढलेल्या पोलादाइतका द्रव मोजून विहिरीत भरणे आणि या दोन्हींचा मेळ लागत नसल्यास काम थांबवणे ही पद्धत पाळली जाते.

विहिरीत नकळत शिरलेल्या प्रवाहाला उद्योगात ‘किक’ म्हणतात आणि त्यावर नियंत्रण न राहिल्यास ‘ब्लोआउट’ म्हणजे उद्रेक होतो. टाकीतील द्रवाची पातळी वाढणे किंवा पंप बंद असतानाही विहिरीतून प्रवाह येणे ही किकची प्रमुख लक्षणे होत. अशा वेळी वरिष्ठांच्या परवानगीची वाट न पाहता विहीर बंद करण्याचा अधिकार चालकाला असतो आणि तसे त्याला शिकवले जाते.

## भारतातील स्थिती

आसाममधील दिग्बोई येथे १८८९ मध्ये तेल सापडले आणि १९०१ मध्ये तेथे शुद्धीकरण कारखाना सुरू झाला. तेल व नैसर्गिक वायू आयोगाची (नंतरचे महामंडळ, ओएनजीसी) स्थापना १९५६ मध्ये झाली आणि १९६० मध्ये गुजरातमधील अंकलेश्वर येथे तेल मिळाले. मुंबईच्या पश्चिमेस सुमारे १६० किलोमीटरवरील मुंबई हाय क्षेत्राचा शोध १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने लावला. तेथील उत्पादन २१ मे १९७६ रोजी सुरू झाले.

प्रदेशानुसार सेवाकार्याचे स्वरूप बदलते. मुंबई हायमधील मुख्य तेलसाठा चुनखडीच्या खडकात असल्याने तेथे आम्लप्रक्रियेला महत्त्व आहे आणि त्यासाठी पंप व रसायनांच्या टाक्या असलेली खास जहाजे वापरतात. उत्तर गुजरातमधील मेहसाणा भागात जड व घट्ट तेल सापडते. तेथे दांड्यांनी चालणाऱ्या पंपांची दुरुस्ती हे नित्याचे काम आहे. वसई वायूक्षेत्रातील वायूत हायड्रोजन सल्फाइड असल्याने तेथे विषारी वायूपासून संरक्षणाची विशेष दक्षता घेतली जाते.

मुंबईजवळील समुद्रातील कामाचा आधार महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आहे. कर्मचारी प्रामुख्याने जुहू येथून हेलिकॉप्टरने जातात. साहित्याची जहाजे रायगड जिल्ह्यातील न्हावा येथील तळावरून सुटतात, तर समुद्रातील तेल व वायूवर प्रक्रिया करणारा एक मोठा प्रकल्प उरण येथे आहे. उत्पादन तंत्रज्ञानावर संशोधन करणारी ओएनजीसीची संस्था पनवेल येथे, तर सुरक्षा, आरोग्य व पर्यावरण व्यवस्थापनाचे प्रशिक्षण देणारी संस्था गोव्यातील बेतूल येथे आहे.

## धोके व आरोग्य

जड वस्तू कोसळणे, फिरत्या यंत्रात हात अडकणे, उंचीवरून पडणे, दाबाखालील नळी सुटणे, आग आणि स्फोट हे या व्यवसायातील प्रमुख धोके आहेत. दूरवरच्या विहिरींकडे अवजड वाहनांतून, अनेकदा लांब पाळी संपवून, करावा लागणारा प्रवासही तितकाच घातक ठरतो. अमेरिकेत तेल व वायू उत्पादनातील कामगारांच्या मृत्यूंमागे रस्ते अपघात हे एक प्रमुख कारण असल्याचे आढळले आहे.

हायड्रोजन सल्फाइड हा वायू हवेपेक्षा जड असून सखल जागी साचतो. अल्प प्रमाणात त्याला सडक्या अंड्यासारखा वास येतो. मात्र हवेतील प्रमाण दहा लाख भागांत १०० भागांच्या आसपास पोहोचल्यावर घ्राणशक्ती बधिर होते आणि वास नाहीसा झाल्याचा भास होतो. त्यामुळे नाकावर विसंबून न राहता वायूशोधक यंत्र अंगावर बाळगणे आणि वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या निशाणाकडे लक्ष ठेवणे आवश्यक असते. बेशुद्ध पडलेल्या सहकाऱ्याला वाचवण्यासाठी श्वसनसाधनाशिवाय धावून गेलेल्याचाही मृत्यू ओढवू शकतो. म्हणून आधी स्वतः श्वसनसाधन चढवणे आणि मगच मदतीला जाणे हा क्रम प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा गिरवून घेतला जातो.

खडकाला तडे पाडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या वाळूच्या सूक्ष्म धुळीमुळे सिलिकोसिस हा फुप्फुसांचा असाध्य विकार होऊ शकतो. याबाबत अमेरिकी शासकीय यंत्रणांनी २०१२ मध्ये धोक्याचा इशारा प्रसिद्ध केला. टाकीचे झाकण उघडून तेलाची पातळी मोजताना बाहेर पडणाऱ्या हायड्रोकार्बन वाफांनीही कामगारांचे मृत्यू झाले आहेत. पंप व इंजिनांच्या सततच्या आवाजाने येणारा बहिरेपणा आणि पाठीचे विकार हे हळूहळू जाणवणारे परिणाम होत.

## उल्लेखनीय दुर्घटना

ब्रिटनच्या उत्तर समुद्रातील पायपर अल्फा मंचावर ६ जुलै १९८८ रोजी झालेल्या स्फोटांत १६७ जणांचा मृत्यू झाला. दुरुस्तीसाठी सुटी झडप काढलेला पंप पुढच्या पाळीत सुरू करण्यात आला, कारण अपूर्ण कामाची माहिती पाळी बदलताना पोहोचली नव्हती. या घटनेनंतर लेखी कार्यपरवाना आणि पाळी-हस्तांतरणाची पद्धत जगभर कडक करण्यात आली.

मुंबई हाय उत्तर मंचावर २७ जुलै २००५ रोजी ‘समुद्र सुरक्षा’ हे साहाय्यक जहाज आदळून वायूवाहक नळी फुटली आणि मंच आगीत नष्ट झाला. या दुर्घटनेत २२ जणांचा मृत्यू झाला किंवा ते बेपत्ता झाले. जखमी कर्मचाऱ्याला उपचारासाठी मंचावर हलवण्याकरिता ते जहाज जवळ आले होते.

सेवाकार्याशी थेट संबंध असलेली भारतातील सर्वाधिक परिचित घटना आसामच्या तिनसुकिया जिल्ह्यातील बाघजान येथे घडली. ऑइल इंडियाच्या पाच क्रमांकाच्या वायूविहिरीवर वर्कओव्हरचे काम चालू असताना २७ मे २०२० रोजी उद्रेक झाला. ९ जून रोजी वायूने पेट घेतला आणि कंपनीच्या दोन अग्निशमन कर्मचाऱ्यांचा मृत्यू झाला. हजारो ग्रामस्थांना घरे सोडून मदत छावण्यांत राहावे लागले. लगतच्या मागुरी-मोटापुंग बीलचे (पाणथळ जागेचे) आणि परिसरातील शेतीचे नुकसान झाले. अखेरीस स्नबिंग युनिटच्या साहाय्याने १५ नोव्हेंबर २०२० रोजी विहीर शांत करण्यात आली. सेवाकार्यातील चुकीची किंमत विहिरीच्या कुंपणापलीकडील लोकांनाही चुकवावी लागते, हे या घटनेने देशासमोर आणले.

## कायदे व नियमन

१९५२ च्या खाण कायद्याच्या व्याख्येत तेलविहिरींचा समावेश होता. त्यामुळे जमिनीवरील तेलक्षेत्रांतील कामगारांची सुरक्षा धनबाद येथे मुख्यालय असलेल्या खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या अखत्यारीत आली. १९८४ च्या तेलखाण विनियमांची जागा २०१७ च्या विनियमांनी घेतली. समुद्रातील कामासाठी २००८ मध्ये स्वतंत्र सुरक्षा नियम करण्यात आले आणि त्यांच्या अंमलबजावणीचे काम १९८६ मध्ये स्थापन झालेल्या तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे आहे.

खाण कायद्यातील तरतुदीमुळे महिलांना रात्रपाळीत काम करण्यास मनाई होती. २०१९ मध्ये केंद्र सरकारने भूपृष्ठावरील कामापुरती, लेखी संमती व सुरक्षेच्या अटींवर, ही मनाई शिथिल केली.

## प्रशिक्षण

यांत्रिकी, विद्युत किंवा डिझेल मेकॅनिक या शाखांतील औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचे (आयटीआय) प्रमाणपत्र अथवा अभियांत्रिकी पदविका घेतलेले तरुण या व्यवसायाकडे वळतात. प्रारंभी साहाय्यक म्हणून नळजोडणी, तेलपाणी आणि सफाईची कामे करून अनुभव मिळाल्यावर यंत्र हाताळण्यास दिले जाते. जबाबदारीच्या पदांसाठी विहीर-नियंत्रणाचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आवश्यक असून त्याचे ठरावीक मुदतीने नूतनीकरण करावे लागते. समुद्रातील कामासाठी पाण्यात बुडालेल्या हेलिकॉप्टरच्या सांगाड्यातून बाहेर पडण्याचा सरावही करून घेतात.

## कामाची परिस्थिती

विहिरीचे काम अर्धवट सोडता येत नसल्याने ते दिवसरात्र पाळ्यांमध्ये चालते. समुद्रात बारा तासांची पाळी रूढ आहे. १४ दिवस काम आणि १४ दिवस सुट्टी हे चक्र प्रचलित असून कंत्राटी कामगारांचे चक्र अनेकदा याहून लांब असते. सणवार, आजारपण आणि मुलांच्या परीक्षा यांच्याशी या वेळापत्रकाचा मेळ बसत नाही आणि घराचा भार जोडीदारावर पडतो. मोसमी पावसाळ्यात खवळलेल्या समुद्रामुळे व वाऱ्यामुळे पाळीबदल लांबणीवर पडण्याची शक्यता असते.

या क्षेत्रात बरेच काम कंत्राटदारांमार्फत होते. एकाच विहिरीवर मालक कंपनी, रिगची कंपनी आणि सिमेंट किंवा वायरलाइनची कंपनी अशा अनेकांचे कर्मचारी एकत्र काम करतात. त्यांचे वेतन, सोयी आणि नोकरीची शाश्वती सारखी नसते. काम थांबवण्याचा अधिकार कागदावर प्रत्येकाला असला, तरी पुढील कंत्राटाची खात्री नसलेल्या कामगाराला तो वापरणे कठीण जाते. थांबलेल्या रिगचे भाडे दररोज वाढत असल्याने वेळेचा दबावही असतो. म्हणून असुरक्षित काम थांबवणाऱ्याला शिक्षा होणार नाही, याची लेखी हमी देणे हा सुरक्षा व्यवस्थापनाचा आवश्यक भाग मानला जातो.

तेलाच्या किमतीनुसार या व्यवसायातील रोजगार चढउतार अनुभवतो. किमती घसरल्यावर सर्वप्रथम सेवाकार्ये पुढे ढकलली जातात. स्वयंचलित यंत्रे आणि दूरनियंत्रण यांमुळे धोक्याच्या जागी उभ्या राहणाऱ्या कामगारांची संख्या कमी होत आहे. दुसरीकडे, जुन्या विहिरी सिमेंटने कायमच्या बंद करण्याचे काम वाढत असून त्यासाठीही हीच यंत्रे आणि हेच कौशल्य लागते. वापरातून गेलेली विहीर नीट बंद न केल्यास तिच्यातून मिथेन वायू गळत राहू शकतो आणि भूजल दूषित होऊ शकते.